वाटीतली साखर

परवा विद्यानगरच्या एका सभागृहात बचत गटांच्या बायकांचं प्रदर्शन लागलं होतं. मी आत शिरले ती खरं तर पंख्यांसाठी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि रिक्षा मिळत नव्हती. आत पापड, कुरडया, कापडी पिशव्या, उटणी, असं सगळं ओळीनं मांडलेलं, आणि त्या सगळ्यावर लोणच्याच्या फोडणीचा एक झणझणीत वास तरंगत होता. वासामागे गेले तर कोपऱ्यातल्या टेबलाशी पंचविशीची एक मुलगी उभी. आइस्क्रीमच्या चपट्या चमच्यावर कैरीची एक फोड ठेवून तिनं माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आंटी, टेस्ट करके बोलो ना, कैसा है?" चमचा जिभेला टेकायच्या आत मी बोलून गेले, "छान आहे! फर्स्ट क्लास!" मराठी ऐकून पोरगी हरखली. आपली आई मराठीच, घरात बोलतो पण वाचता मात्र येत नाही, असं काहीबाही सांगू लागली. तोवर फोड जिभेवर उतरली होती. मीठ फार झालं होतं आणि मेथी कच्ची राहिली होती. मी एक बाटली विकत घेतली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. पाय दुखत होते असं नाही. जीव घाबरा झाला होता.

त्या मुलीचा चेहरा उजळलेला पाहून कुणालाही बरंच वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण तसाच उजळलेला एक चेहरा मी आधी पाहिला आहे, आणि तो माझ्याच शब्दांनी उजळत असे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पोरांच्या निबंधातल्या चुका लाल शाईनं दाखवताना हात कधी अडखळला नाही. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तर अर्धा गुण कापणारी बाई मी. जिथे एका माणसाचं सगळं माझ्या एका वाक्यावर उभं होतं, तिथे मात्र माझी लाल शाई वाळून गेली.

तेव्हा आम्ही नल्लकुंट्याला राहत होतो. गल्लीत मराठी घरं सहा, आमची पाच आणि टोकाचं एक, आणि बाकी सगळी तेलुगू. आम्ही बहुतेक मराठवाड्याकडचे. निजामाच्या काळापासून हे शहर आमच्या आजोबा-पणजोबांना कोर्टकचेरीसाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी बोलावत आलेलं, आणि आलेले इथेच रुजलेले. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत अक्का राहायच्या. अक्का हे मराठीतही थोरल्या बहिणीचं नाव आणि तेलुगूतही, त्यामुळे सगळ्या गल्लीला त्या अक्काच होत्या. यजमान कारखान्यात फिटर, एक मुलगी शाळेत. अक्का काळा मसाला करायच्या. सुरुवात झाली ती आमच्याच हट्टानं. कुणाच्या तरी डोहाळजेवणाला त्यांनी आमटी केली होती, आणि त्या आमटीनं आम्हा सगळ्यांना आपापल्या गावाला पोचवलं. मग एकीनं पावशेर मागितला, दुसरीनं अर्धा किलो, आणि वर्षभरात अक्कांचा उंबरा मसाल्याच्या डब्यांनी भरून गेला.

त्यांची करण्याची पद्धत न्यारी होती. अफझलगंजला स्वतः जाऊन धने, दगडफूल, नागकेशर निवडून आणायच्या. दुकानदारानं मूठ पुढे केली की ती नाकाशी न नेता कानाशी नेऊन खुळखुळवायच्या. मला हसू यायचं. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं. "माझं नाक मेलंय की वो, बाई. सोळाव्या वर्षापासनं चुलीपुढं मिरच्या भाजतेय. आता धूर काय अन् केवडा काय, सगळं एकच. हाताला कळतंय, कानाला कळतंय, नाकाला न्हाई कळत." म्हणून प्रत्येक घाणा उखळात कांडून झाला, की डबे भरायच्या आधी त्या पाच झाकणाच्या वाट्या काढायच्या. पितळी, बोटभर उंचीच्या, त्यांच्या सासूच्या वेळच्या. प्रत्येकीत चमचाभर मसाला घालून पाच घरी पाठवायच्या आणि निरोप एकच, "चव सांगा." आम्ही पाचही घरी त्या दिवशी त्या मसाल्याची आमटी किंवा भाजी व्हायची, आणि संध्याकाळी वाटी परत जायची. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून वाटीत चिमूटभर साखर जायची, आणि साखरेबरोबर निरोप.

आणि त्या दिवसांत निरोप खरे असायचे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. "लवंग पुढं पळतेय." "खोबरं जरा कमी भाजलंय का, अक्का?" "धने मागच्या खेपेचे बरे होते." अक्का वाटीतली साखर तोंडात टाकायच्या, निरोप ऐकायच्या आणि पुढच्या घाण्याला तेवढंच बरोब्बर दुरुस्त व्हायचं. एकदा तर शेजारच्या वहिनींनी सरळ सांगितलं, की यात दगडफूल नावाला नाही. अक्कांनी अख्खा घाणा पुन्हा ओतून घेतला, भाजलेलं दगडफूल घालून पुन्हा कांडला, आणि दुसऱ्या दिवशी वहिनींच्या घरी जाऊन म्हणाल्या, "तुमचं नाक उसनं आहे म्हणून माझी चूल चालतीय." आम्ही सगळ्या हसलो. त्या मात्र हसत नव्हत्या.

मग ती वर्षं आली. वर्तमानपत्रांत रोज नवे शब्द दिसू लागले, खुलं धोरण, उदारीकरण, परकीय गुंतवणूक. गल्लीत केबलची वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झोके घेऊ लागली. बिस्किटांचे पुडे चकचकीत झाले, शांपू पुडीत मावू लागला. अक्कांच्या यजमानांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचा कागद फिरला. स्वेच्छेचा त्यात भाग किती होता हे तिथल्या माणसांनाच ठाऊक. एका संध्याकाळी ते घरी आले, चप्पल काढली आणि तसेच ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीपासून त्या घराला अक्कांच्या मसाल्याखेरीज दुसरं काही उरलं नाही.

आणि मग आम्ही सगळे धावलो. हो, धावलोच, ते श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. कुणाच्या दिरानं अंबरपेठेत पत्र्याची एक खोली मिळवून दिली. कुणाच्या नवऱ्यानं वीजजोडणीसाठी कचेरीत आठ खेटे घातले. सगळ्यांचं एकमत झालं, की आता उखळानं भागायचं नाही, मशीन पाहिजे. कारखान्यातून जे हातात पडलं होतं ते त्या मशीनमध्ये गेलं. लेबलं मी लिहिली. वळणदार अक्षरात, वर छोटी वेलबुट्टी काढून, "अस्सल मराठवाडी काळा मसाला." रात्री जेवणं झाल्यावर माझी मुलं ती कापायची आणि मी त्यांना शुद्धलेखनाबद्दल टोकायची. त्या साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाचही घरांनी वाण म्हणून अक्कांच्या पुड्या लुटल्या. आपल्यातली एक बाई कारखानदार होतेय, या गोष्टीची आम्हाला नशा चढली होती. "आमच्या अक्का" असं आम्ही ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

मशीन सुरू झालं त्या दिवशी नारळ फुटला, मशीनला हार घातला, पेढे वाटले. ते इतक्या जोरात फिरायचं, की पत्रे थरथरायचे. खालच्या पिंपात मसाला पडू लागला तेव्हा अक्कांनी मूठभर उचलला आणि चटकन हात झटकला. "किती गरम आहे वो!" म्हणून कौतुकानं हसल्या. त्याच संध्याकाळी वाटी आली. मी आमटीला फोडणी दिली, मसाला घातला, झाकण काढलं आणि थबकले. रंग तोच, तिखटपणा तोच, पण वास नव्हता. होता, पण जरासा करपट. जे आम्हाला गावाला नेऊन सोडायचं ते त्या आमटीत नव्हतं. मशीनच्या उष्णतेनं ते उडून गेलं होतं. मी ताटावर बसले, दोन घास खाल्ले, आणि उठून वाटी घासली. तिच्यात साखर घातली. नेहमी चिमूटभर घालायची, त्या दिवशी वाटीभर घातली. निरोप पाठवला, "फर्मास."

काय सांगायला हवं होतं? हार अजून ताजा होता. पेढ्याची चव तोंडात होती. ओट्यावर बसलेला तो माणूस त्या दिवशी कित्येक महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. म्हटलं, पहिलाच घाणा आहे, बसेल हळूहळू. दुसरा घाणा आला, तोही तसाच. पण पहिल्याला फर्मास म्हटलेलं, आता दुसऱ्याला काय म्हणणार? आणि इतर चौघी आहेतच की, त्यांच्यापैकी कुणीतरी सांगेल. प्रत्येकीनं हेच धरून ठेवलं होतं, हे नंतर कळलं. आम्ही एकमेकींशीसुद्धा बोललो नाही. रोज भेटायचो, पोरांच्या परीक्षा, भाज्यांचे भाव, केबलवरच्या मालिका, सगळं बोलायचो. मसाल्याचा विषय निघाला की जी ती दुसरीपेक्षा जरा जास्तच वाखाणणी करायची.

मी किराणा दुकानातून कंपनीच्या मसाल्याचं पहिलं पाकीट आणलं ते चोरासारखं, भाजीखाली दडवून. पिठाच्या डब्यामागे ठेवलं. अक्का आल्या की माझी नजर आधी त्या डब्याकडे जायची. त्यांच्याकडून पुड्या घेणं मात्र मी थांबवलं नव्हतं. घ्यायची, आणि कामवालीला देऊन टाकायची. याला मी मदत समजत होते.

आमच्या गल्लीत एकच बाई खरं बोलली, आणि ती मराठी नव्हती. समोरच्या घरातल्या तेलुगू बाई, त्यांना सगळी पोरं पिन्नी म्हणत, म्हणजे मावशी, म्हणून आम्हीही पिन्नीच म्हणायचो. अक्कांच्या मसाल्याची त्यांनाही गोडी लागली होती, वांग्याच्या भाजीत घालायच्या. पुढच्या संक्रांतीला माझ्याच घरी हळदीकुंकू होतं. खोली बायकांनी भरलेली. पिन्नींनी वाणाची पुडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि अगदी साधेपणानं, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "मुंदु उन्न वासना इप्पुडु लेदु, अक्का." मग सगळ्यांना कळावं म्हणून तोडक्यामोडक्या हिंदीत, "पहले का खुशबू अब्बी नहीं है. मिशन में जलता क्या?"

अक्कांनी पिन्नींकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. मी शिकलेली, मी बाई, लेबलं माझ्या अक्षरातली. त्यांनी हळूच विचारलं, "खरं का वो, बाई?"

तो क्षण मला अजून तसाच्या तसा दिसतो. माझ्या हातात अत्तरदाणी होती. पाचांतल्या उरलेल्या चौघी जमिनीकडे बघत होत्या. एक शब्द पुरला असता, "हो." त्याऐवजी मी हसले. म्हणाले, "छे हो अक्का! यांना आपला मसाला काय कळणार? सांबार खाणारी माणसं ही. तुमच्या मसाल्याची सर कशाला नाही." बायका हसल्या, सुटकेचं हसू ते. पिन्नींना मराठी पुरतं कळत नसलं तरी हसणं कळलं असणार. त्यांनी पुडी पिशवीत ठेवली, कुंकू लावून घेतलं आणि गेल्या. पुन्हा त्या आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. आणि अक्कांचा चेहरा उजळला. त्या उत्साहात त्यांनी दुप्पट माल भरला.

तो माल उठला नाही. अंबरपेठेतल्या ज्या किराणावाल्याकडे आम्हीच शब्द टाकून पुड्या ठेवल्या होत्या, त्याच्याकडे मी एकदा गेले. पुड्यांवर धूळ बसलेली. तो म्हणाला, "क्या करूं टीचर अम्मा, एक बार लेके गए सो दुबारा नै आते लोगां. अब सबकू पाकिट होना. और ये उप्पर क्या लिखे सो, किसीकू पढ़ने नै आता." मी माझ्या वळणदार अक्षरांकडे पाहत राहिले. त्याच्या फळीवर पाकिटांच्या माळा लटकत होत्या, अगदी मी पिठामागे दडवलेल्या पाकिटासारख्या.

वर्षाच्या आत मशीन विकलं गेलं. खोलीला दुसऱ्याचं कुलूप लागलं. अक्कांचे यजमान एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. ज्या माणसानं तीस वर्षं कारखान्यात यंत्रं जुळवली तो गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचा. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. काही दिवसांनी ते कुटुंब गल्ली सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं. आम्ही हळहळलो. "बाजारच बदलला हो," म्हणालो. "मोठ्या कंपन्यांपुढे आपली माणसं कशी टिकणार?" ते खोटंही नव्हतं. पण एकदा गच्चीवर कुरडया घालताना शेजारच्या वहिनींच्या तोंडून निसटलं, "मशीन आल्यापासून वासच नव्हता ना हो त्याला?" आम्ही चौघींनी माना वर केल्या. एकमेकींकडे पाहिलं. कुणीही "अय्या, खरंच?" असं म्हटलं नाही.

शेवटच्या घाण्याची वाटी माझ्याकडेच राहून गेली होती. ती परत करायला मी गेले तेव्हा मध्ये बरीच वर्षं लोटली होती. यजमान गेले होते, अक्का लेकीकडे राहत होत्या. निघताना वाटी घासली, आणि रीतीप्रमाणे काय घालावं म्हणून हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला. अक्का थकल्या होत्या, पण आवाज तोच. मला बळंच जेवायला बसवलं. आमटी पाकिटातल्या मसाल्याची होती. वाढून झाल्यावर सवयीनं म्हणाल्या, "चव सांगा, बाई."

माझा बांध फुटला. घास हातात, आणि मी रडत सगळं सांगून टाकलं. मशीनचं, वासाचं, पिन्नी खरं बोलल्याचं, पिठाच्या डब्यामागच्या पाकिटाचं. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या हो, जुनं झालं. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच वाटीला."

त्यांनी मान हलवली, सावकाश. "मशीन थांबवून थांबवून दळलं असतं. गार होऊ दिलं असतं. न्हाईतर उखळ होतंच की घरात, मी कुठं फेकून दिलं होतं? यवढंच तर होतं. म्हून तर पाठवत होते ना वाट्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो अंगावर घेता आला असता. मग त्यांनी मी आणलेल्या वाटीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आजपण साखरच आणलीत."

मी जेवले. काय जेवले ते ठाऊक नाही. निघताना अक्का आत गेल्या, साखर त्यांच्या डब्यात ओतली, वाटी धुतली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडंच. मला आता कुठं पाठवायची न्हाई." मी वाटी घेऊन रस्त्यावर आले, सवयीनं झाकण काढून पाहिलं. ती रिकामी होती. रिकामं भांडं हातावर ठेवण्याची आमच्यात रीत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

अक्का जाऊनही आता काही वर्षं झाली. माणसाला उभं करायला गाव लागतं, असं मी सभांमधून पुष्कळदा बोलले आहे, आणि टाळ्याही घेतल्या आहेत. आम्ही अक्कांना खोली दिली, वीज दिली, लेबलं दिली, हार दिले. त्यांनी मागितलं होतं फक्त एक, आमचं नाक, तेही उसनं. ते देणं अंगावर आलं, कारण त्यासाठी क्षणभर वाईट व्हावं लागलं असतं, आणि आम्हाला चांगलं राहायचं होतं. ज्या बाईनं ते सहज दिलं तिला आम्ही हसून वाटेला लावलं. नल्लकुंट्यात आता पिन्नींचं घर नाही, आमचंही नाही. त्या जागी चार मजले उभे राहिले आहेत. ती वाटी माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. सून अधूनमधून विचारते, हिच्यात हिंग ठेवू का? मी नको म्हणते.

परवाची लोणच्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली आहे. प्रदर्शनाचा उद्या शेवटचा दिवस आहे असं त्या मुलीनं सांगितलं होतं. सकाळपासून मी ओट्याशी उभी राहून घोकते आहे, "बाळ, मीठ जास्त झालंय, आणि मेथी कच्ची राहिलीय." केवढंसं वाक्य आहे. तिचा चेहरा पडेल. पडू दे. मी तिथेच उभी राहीन. फक्त हे वाक्य मी म्हणायला लागले की दर वेळी "बाळ"च्या जागी तोंडात "अक्का" येतं, आणि पुढचं बोलणं राहून जातं.